एका दिवसाची दंतकथा, चौदा वर्षांचे राज्य

सिहोऱ्याहून कटनीकडे निघाले की वाटेत स्लीमनाबाद लागते. ठगांच्या बंदोबस्तासाठी गाजलेल्या विल्यम स्लीमनचे नाव या गावाला मिळाले. या मुलखासाठी त्याने केलेले दुसरे काम मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. गढा-मंडल्याच्या गोंड राजांचा इतिहास त्याने 1837 मध्ये छापला. पुढे 1844 च्या प्रवासवर्णनात याच घराण्यातल्या राणी दुर्गावतीच्या समाधीविषयी लोक काय बोलतात, तेही त्याने लिहून ठेवले. समाधीशेजारचे दोन मोठे गोल दगड म्हणजे राणीचे नगारे; मध्यरात्री ते घुमतात आणि रणात पडलेल्यांना हाक घालतात. येणारे-जाणारे आसपास सापडणारा सुंदरसा स्फटिक उचलून समाधीवर ठेवत.

ही समाधी जबलपूरपासून मंडल्याच्या दिशेला, बरेलाजवळ, नर्रई नाल्याच्या परिसरात आहे. 24 जून 1564 रोजी राणी इथेच पडली. समोर अकबराचा सरदार आसफखान होता. लोककथा सांगते की आदल्या दिवशी कोरडा असलेला नाला रात्रीत दुथडी भरून वाहू लागला आणि राणीची मागची वाट बुडाली. दैवच फिरले, असे म्हटले की कोणालाच दोष लागत नाही.

अबुल फझलने अकबरनाम्यात वेगळी हकिगत दिली आहे. पहिल्या चकमकीत राणीने मोगलांना मागे रेटले. संध्याकाळी तिने आपल्या सरदारांना सांगितले की आज रात्रीच छापा घालू, नाहीतर उद्या आसफखान तोफा आणून घाट अडवील. तिचे कोणी ऐकले नाही. सकाळी अगदी तसेच घडले. कानशिलात आणि मानेत बाण रुतल्यावर तिने हत्तीवरच्या विश्वासू सेवकाकडे मरण मागितले. त्याचा हात उचलेना, तेव्हा तिने स्वतःच कट्यार चालवली. शत्रूच्या दरबारातला इतिहासकार तिचा सल्ला बरोबर होता असे लिहितो. तिच्यावर जीव टाकणारी माणसे सगळा दोष नाल्यावर ढकलतात. तो सल्ला आठवणीतून गळला, हे फार मोठे नुकसान आहे. रणात मरणारे पुष्कळ असतात. उद्याची लढाई आदल्या संध्याकाळी ओळखणारे थोडे.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या गोडायव्हाचेही असेच झाले. अकराव्या शतकातली ही उमराव बाई स्वतःच्या नावाने जमीन बाळगून होती. 1086 च्या जमीन-पाहणीत तिची गावे नोंदलेली आहेत. कर माफ व्हावा म्हणून ती विवस्त्र घोड्यावरून शहरभर फिरली, ही कथा लेखी आली ती तेराव्या शतकात. आज जग ओळखते ते घोड्यावरच्या बाईला. गावांची मालकीण कोणाला ठाऊक नाही.

दुर्गावतीची गावेही अशीच मागे पडली. चंदेल राजघराण्यातली ही मुलगी गोंड राजा संग्रामशाहाची सून झाली. नवरा दलपतशाह 1550 च्या सुमारास गेला, तेव्हा मुलगा वीरनारायण जेमतेम पाच वर्षांचा होता. मुलाच्या नावाने तिने सुमारे चौदा वर्षे राज्य चालवले. माळव्याच्या बाजबहादूरला तिने परतवून लावले. तेवीस हजार लागत्या गावांपैकी बारा हजारांवर तिचे स्वतःचे शिकदार, म्हणजे अंमलदार, होते, उरलेली गावे मांडलिकांकडे, असे अकबरनामा सांगतो. आकडा थोडा फुगवलेला असेलही. तरी दरबारी लेखकाला शिकदारांची दखल घ्यावीशी वाटली, यातच तिच्या कारभाराचे वजन कळते. जंगल-डोंगरांच्या त्या मुलखात, जिथे प्रत्येक गढीचा धनी स्वतःला राजा समजे, निम्म्याहून अधिक गावांत आपला माणूस बसवणे हे लढाई जिंकण्याइतकेच कठीण.

या कारभाराची खूण जबलपुरात तलावांच्या रूपाने उरली. राणीताल राणीचा, चेरीताल तिच्या दासीचा, अधारताल मंत्री आधारसिंहाचा, असे सगळे शहर सांगते. यातले चेरीताल तर आता वस्तीचेच नाव होऊन बसले आहे. मदनमहालाचा किल्ला मात्र तिच्या आधीच्या मदनसिंहाच्या नावाचा. लोकांनी तोही तिलाच देऊन टाकला.

तिच्या मृत्यूनंतर तिच्या राजधानीचा किल्ला चौरागड पडला. वीरनारायण लढता लढता गेला, गडावर जोहार झाला. अबुल फझल म्हणतो, एक हजार हत्ती हाती लागले; आसफखानाने बादशहाकडे दोनशेच पाठवले. लुटीची मोजदाद झाली, पण त्या खजिन्यामागचा वसूल, पाणी, शेती यांची कोणी केली नाही.

त्या घराण्याचा शेवट मराठ्यांच्या हातून झाला, हे मराठी वाचकाने विसरू नये. 1742 मध्ये बाळाजी बाजीरावांच्या स्वारीत मंडल्याचा महाराजशाह मारला गेला, आणि 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी उरलेले राज्य घेतले. दुर्गावतीची कथा सांगताना आपण मोगलांवर थांबतो, आपल्या स्वारीपर्यंत येत नाही.

5 ऑक्टोबर 2023 रोजी जबलपूरमध्ये तिच्या स्मारकाचे भूमिपूजन झाले. तिथे तिचा 52 फुटी कांस्य पुतळा ठरला आहे. पुतळा व्हायलाच हवा. त्याच्या जोडीला एका दालनात तिच्या राज्याचा नकाशा लावावा: शिकदारांची गावे, मांडलिकांच्या गढ्या, सिंगोरगड ते चौरागड ही राजधानीची हलवाहलव, आणि शहरातला एकेक तलाव, भरलेला आणि बुजलेलाही. सिहोऱ्याच्या शाळेतून सहलीला येणाऱ्या मुलीला त्या नकाशावर आपल्या भागावर बोट ठेवता आले पाहिजे.