गळाची काठी आणि पापाचा हिशेब

बुलढाण्यानजीक अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणाऱ्या पैनगंगेच्या काठी, सूप-टोपल्यांवर ज्याची गुजराण पुरी होत नाही असा एखादा बुरूड, गिऱ्हाइकाची उंची व मनगटाचा जोर पाहून, बुडाशी भक्कम आणि शेंड्याशी लवचीक असा वेळू निवडून, तो शेकून सरळ करून गळाची काठी बेतू लागला, आणि त्या जोडधंद्यातून मीठमिरचीची तजवीज करू लागला, तर त्या काठीने मरणाऱ्या माशाच्या हत्येचा अंश त्याच्या खाती जमा होतो काय?

मनुस्मृतीचा पाचवा अध्याय अनुमती देणाऱ्यापासून खाणाऱ्यापर्यंत ८ घातक मोजतो. विकणारा व वाढणाराही त्यातून सुटत नाही, परंतु हत्यार घडविणाऱ्याचे नाव त्या यादीत नाही. बुद्धाने मात्र उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या ५ व्यापारांत शस्त्रविक्रय पहिलाच घातला. मला बुद्धाचा निवाडा अधिक प्रामाणिक वाटतो. तथापि काठीला शस्त्र म्हणावे तर विळ्यालाही म्हणावे लागेल (येथे मी बुरुडाची वकिली करतो आहे, हे कबूल).

वनपर्वातील धर्मव्याध, मिथिलेत मांस विकणारा, कौशिक ब्राह्मणाला सांगतो की नांगराखालीही असंख्य जीव मरतात. हा व्याध स्वतः मारीत नसे, दुसऱ्यांनी मारलेले विकी. तरीही आपले कर्म घोर आहे, हे तो नाकारीत नाही.