घरचाच माणूस

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीमध्ये मॉर्मन पंथाच्या पहिल्या वसाहतकारांचं स्मारक आहे. १८४७च्या जुलैमध्ये त्या खोऱ्यात पोचलेल्या पहिल्या तुकडीची नावं त्यावर कोरलेली आहेत. ग्रीन फ्लेक, हार्क ले आणि ऑस्कर क्रॉस्बी ही तीन नावं मात्र वेगळ्या मथळ्याखाली आहेत : 'काळे नोकर'. हे तिघं नोकर नव्हते, गुलाम होते. पुढे १८५२मध्ये युटाने गुलामगिरीला कायद्याचा आधार दिला, तेव्हा त्या कायद्याच्या नावातही 'सेवा' हाच शब्द होता.

असे सोज्वळ शब्द आपल्याकडेही आहेत. पेशवाईच्या कागदांत 'कुणबीण' भेटते. शब्द वाचून कुणब्याची बायको वाटते. पण कित्येकदा ती विकत घेतलेली, किल्ल्यावर, कोठीत किंवा पागेत राबणारी दासी असते. बदफैलीचा आरोप ठेवूनही बायकांना कुणबिणी केलं जाई. १८४३च्या कायद्याने कोर्टात गुलामीला मान्यता उरली नाही. शब्द मात्र इतका निरुपद्रवी की अजूनही पटकन नजरेतून सुटतो.

आणि आमच्या खानदेशातला शब्द, सालदार. आखाजीला साल ठरायचं : वर्षाचं धान्य, थोडे पैसे, कपडे, जोडे. सालदार म्हणजे गुलाम नव्हे, हे मान्य. तो विकला जात नव्हता. पण आजारपणासाठी, लग्नासाठी घेतलेली उचल फिटली नाही, तर पुढची आखाजीही त्याच दारात. कधी मुलगाही त्याच दारात. शहाद्याला (तेव्हा धुळे जिल्हा, आता नंदुरबार) आदिवासी सालदार आणि मजूर अंबरसिंग महाराजांबरोबर उभे राहिले, १९७२मध्ये श्रमिक संघटना झाली. मागण्या होत्या मजुरीच्या आणि हातून गेलेल्या जमिनींच्या. वेठबिगारी संपवणारा केंद्राचा कायदा आला १९७६मध्ये.

हे सगळं आत्ता डोक्यात यायचं कारण घरातलंच आहे. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या घराण्याचा इतिहास छापायचं चाललंय. कोणी विहीर खोदली, कोणी पहिली केळी लावली वगैरे. पणजोबांच्या खातेवहीत सालदारांची पानं आहेत. आमच्या लोकांच्या नावापुढे 'पाटील' आहे. त्यांची नावं मात्र 'या'ने संपणारी, आडनावाशिवाय. काका म्हणतात, "त्यांनाही पुस्तकात घेऊ. लिही, घरचेच होते."

हेतू चांगला आहे, म्हणूनच वाद घालणं अवघड जातं. पण 'घरचे' म्हटलं की उचल गायब होते. वाटणीच्या वेळी घरचा माणूस एकरांत मोजला जातो. हे मोजले गेले पायल्यांत.

मग त्यांना गावाचे आद्य वसवणारे म्हणावं का? ती काळी जमीन त्यांनीच नांगरली. इथे मला ग्रीन फ्लेक अडवतो. एकोणीस वर्षांचा असताना मालकाने त्याला पुढे धाडलं, जायचं का असं कोणी विचारलं नाही. तरी १८९७च्या सुवर्णमहोत्सवाला म्हातारा फ्लेक स्वतः गेला. पायोनियर म्हणून. तो मान त्याने आपल्या हाताने घेतला होता. तो त्याचा होताच. आपण उदार होऊन तोच मान बहाल करतो तेव्हा मात्र हिशेबाचं पान उलटून टाकायला आपल्यालाच सोपं जातं. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

मी वस्तीत जाऊन विचारलं. एका सालदाराच्या नातीने आजोबांचं पूर्ण नाव सांगितलं, स्पेलिंगसकट, मोबाइलमध्ये टाइप करून. मग म्हणाली, "घरचे होते म्हणता? मग ओट्याखाली का जेवायचे?" मी वहीचे फोटो दाखवले. तिने झूम करून तीन वर्षांची बाकी वाचली आणि फोटो स्वतःला पाठवून घेतले.

काकांना आता मी दोन गोष्टी सांगितल्यात : पूर्ण नावं घाला, आणि शेजारी वहीतली उचल जशीच्या तशी छापा. 'घरचेच' हे वाक्य काढा. तिला लिहायचं असेल तर ती लिहील, तिच्यासाठी दोन पानं ठेवा. काकांनी अजून हो म्हटलेलं नाही. छापखाना आखाजीपर्यंत थांबायला तयार आहे.