आईवरचा आळ

वेबसिरीज पाहून शिकलेलं एक नाव हल्ली रायपुरातल्या सुशिक्षित घरांतही ऐकू येतं: 'मुंचाउसेन बाय प्रॉक्सी', म्हणजे आईनेच मुलाचा आजार रचणं. मुलाची जाडजूड फाइल घेऊन कुणी आई तिसऱ्या डॉक्टरकडे गेली की लोक तिला हे नाव चिकटवून मोकळे होतात. हा तिच्यावर अन्याय आहे. ज्या मुलांना खरोखर आजारी पाडलं जातं, त्यांच्यावर तर त्याहून मोठा.

'मुंचाउसेन' हे मूळ नाव रिचर्ड अ‍ॅशर यांनी 1951 मध्ये स्वतःचे आजार रचणाऱ्या रुग्णांना दिलं. मुलांचा प्रश्न आला तो 1977 मध्ये. लीड्सचे रॉय मेडो यांनी 'लॅन्सेट'मध्ये दोन मुलांची हकिगत मांडली. एका मुलीच्या लघवीत कधी रक्त यायचं, तर कधी काहीच नसायचं. नर्सने स्वतः घेतलेले नमुने स्वच्छ निघत, आईच्या हातून आलेले खराब. दुसऱ्या मुलाच्या रक्तात मीठ भलतंच वाढायचं. तो वाचला नाही. मुलीच्या बाबतीत उलगडा झाला तो बाटली कुणाच्या हातात होती, एवढं पाहिल्यामुळे. आईच्या स्वभावावरून कुणी काही ठरवलं नव्हतं.

पुढे घसरण झाली. नमुने मागे पडले आणि आईचं वर्णन पुढे आलं: फार काळजी करते, डॉक्टरी शब्द जाणते, वॉर्डातून हलत नाही. मग इंग्लंडमधल्या सॅली क्लार्क या आईचं प्रकरण घडलं. स्वतःच्या दोन बाळांच्या खुनाबद्दल 1999 मध्ये शिक्षा, 2003 मध्ये सुटका. खटल्यात मेडो यांनी तिच्याविरुद्ध साक्ष दिली होती. मेडो यांची मूळ कल्पनाच तिथे बुडाली, असं बहुतेक जण मानतात. मला ते साफ चुकीचं वाटतं. आजार रचल्याचा तो खटलाच नव्हता. एका घरात दोन बाळं अचानक दगावण्याची शक्यता '7 कोटी 30 लाखांत एक' सांगणारं मेडो यांचं गणित बदनाम झालं, आणि योग्यच झालं. एका घरातले दोन मृत्यू एकमेकांशी संबंध नसलेले धरून केलेला तो गुणाकार होता. पण सुटकेचं मुख्य कारण निराळं होतं. धाकट्या बाळाच्या जंतुतपासणीचे निकाल बचाव पक्षाला दाखवलेच गेले नव्हते. म्हणजे आईला वाचवलं तेही प्रयोगशाळेतल्या नमुन्यांनीच! 2009 मध्ये थॉमस रोस्लर आणि कॅरोल जेनी यांनी हाच धागा पुढे नेला: आईच्या मनात काय आहे ते नंतर पाहू, आधी मुलावर झालेले अनावश्यक आणि घातक उपचार पाहा.

छत्तीसगडला याचं महत्त्व जास्त कळायला हवं. इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी माहीत आहे. पोर रात्रभर हाडं दुखतात म्हणून ओरडतं, सकाळी एक्स-रेत काहीच दिसत नाही, आणि आई खोटी ठरते. मूल आजारी पडलं की कुणा बाईला टोनही, म्हणजे चेटकीण, ठरवायचं, याविरुद्ध याच राज्याला 2005 मध्ये कायदा करावा लागला. रायपूरचे डॉ. दिनेश मिश्र वर्षानुवर्षं या प्रथेविरुद्ध गावोगाव फिरत आहेत. तोच आळ डॉक्टरी नावाने परत येऊ देऊ नये.

संशय आला तर मूल दाखल करून घ्या. नमुने नर्सने घ्यावेत, औषधं नर्सनेच द्यावीत. आधीच्या दवाखान्यांचे मूळ कागद मागवा. आणि सिकलसेल ओळखणारी हिमोग्लोबिनची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी झाली आहे का, ते सर्वांत आधी पाहा.