ओळ जिथे संपते

जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास त्यांनी लेखनक्रियेला दिला आहे. सुवाच्य अक्षर काढा, एवढं सांगून ते थांबत नाहीत. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळा ग्रंथ एकाच लेखणीतून उतरल्यासारखा दिसावा, पानाभोवती कोरी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही, हेही ते बजावतात. कोऱ्या जागेचा इतका विचार!

परवा संगणकापुढे बसलो असताना हा समास आठवला. सहकाऱ्याने एका फाइलमधला एकच शब्द बदलून पाठवला होता, पण फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट प्रत्येक ओळ बदलल्याचं दाखवत होतं. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या तरी डोळ्यांना काही वेगळं दिसेना. फरक ओळींच्या शेवटी होता.

टाइपरायटरवर ओळ संपली की डावीकडचा दांडा ढकलायचा. त्या एका हिसक्यात कागद ओळभर वर सरकायचा आणि कॅरेज सुरुवातीला यायचं. टेलिप्रिंटरमध्ये या दोन कामांना दोन खुणा होत्या. पुढे संगणकाच्या फाइलींत ओळीच्या शेवटी विंडोजने दोन्ही ठेवल्या, युनिक्स आणि लिनक्सने एकीवर भागवलं. विंडोजच्या नोटपॅडला तर ती एकटी खूण २०१८ पर्यंत ओळखता येत नव्हती. लिनक्सवरची फाइल त्यात उघडली की ओळी एकमेकींना चिकटून यायच्या.

सहकाऱ्याच्या एडिटरने फाइल साठवताना या खुणा आपणहून बदलल्या होत्या. ओळीच्या शेवटचा फरक वगळून तुलना केली तेव्हा कुठे तो शब्द सापडला. हिशेबाच्या सूत्रातला होता, नजरेतून निसटला असता तर महागात पडलं असतं. असं आपोआप होणारं रूपांतर सोयीचं आहे, मीही वापरतो. पण कोणती खूण ठेवायची हे ज्याच्या त्याच्या एडिटरवर सोडू नये, असं मला मनापासून वाटतं. प्रकल्पात गिटअ‍ॅट्रिब्यूट्सची फाइल ठेवून ते सगळ्यांसाठी एकदाच ठरवावं. दहा वर्षांनी ही पानं चाळणाऱ्या अनोळखी माणसासाठी तेवढी कोरी जागा आपण राखायला हवी.

त्याच संध्याकाळी आधी फक्त खुणांचा बदल वेगळा नोंदवला. मग सहकाऱ्याचा तो शब्द पुन्हा घातला. या वेळी गिटने एकच ओळ दाखवली.