झाड पडल्यानंतरचं देणं

परसातलं फळझाड तोडायची वेळ बऱ्याच घरांवर कधी ना कधी येते. बुंधा आतून पोकळ होतो, मुळं जोत्यात शिरतात, जड फांदी कौलांवर झुकते. कधी वादळात अर्धं झाड आडवं होतं आणि उरलेलं अर्धं धोक्याचं होऊन बसतं. शहरात जुना बंगला पाडून इमारत उभी करायची असते. तोडावं की तोडू नये यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं, आणि ते बोललं जायलाच हवं. मला आज त्याच्या पुढचं बोलायचं आहे. सगळे उपाय थकले, परवानगी मिळाली, झाड खाली आलं. आता अंगणात पडलेल्या त्या लाकडाचं काय?

बहुतेक वेळा या प्रश्नाचं उत्तर कुणी देतच नाही. ते करवतीच्या पहिल्या तासात आपोआप ठरतं. झाड तोडणारी माणसं मशीनची करवत घेऊन येतात. त्यांना माल टेम्पोत भरायचा असतो, दोघांना उचलेल एवढाच ओंडका हवा असतो आणि मजुरी दिवसाची ठरलेली असते. म्हणून ती बुंध्याचे दोन-अडीच फुटांचे तुकडे पाडत जातात. त्यांचं यात काही चुकत नाही. त्यांना कुणी वेगळं सांगितलेलंच नसतं. पण दोन फुटांच्या ओंडक्यातून दाराची फळी निघत नाही, बाकाची निघत नाही, तुळई तर नाहीच नाही. दोन पिढ्यांनी ज्याच्या सावलीत वाळवणं घातली तो सरळसोट बुंधा दुपारपर्यंत सरपण झालेला असतो, कारण त्याची लांबीच सरपणाची झालेली असते. मग तो वखारीत जातो, नाहीतर कुंपणाशी ढीग होऊन पावसात भिजत पडतो. झाड तोडायचा निर्णय घरानं जड मनानं, कित्येक महिने चर्चा करून घेतलेला असतो. त्याचं सरपण करायचा निर्णय मात्र कुणीच घेतलेला नसतो. मला खुपतं ते हे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड कुठून आणावं याबद्दलचा मजकूर आहे. ग्रंथ 1715 च्या सुमाराचा. त्यातला एक भाग पर्यावरणावरच्या भाषणांत हमखास येतो: आंबा, फणस ही झाडं आरमाराच्या उपयोगाची खरी, पण त्यांना हात लावू नये, ती एक-दोन वर्षांत उभी राहत नाहीत, लोकांनी ती लेकरांच्या मायेनं जपलेली असतात आणि ती गेली तर त्यांच्या दुःखाला सीमा नसते. इथवर पुष्कळांना माहीत असतं. त्यापुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. एखादं झाड अगदीच म्हातारं होऊन निरुपयोगी झालं असेल, तर मालकाची मनापासून संमती घेऊन, त्याला मोबदला देऊन ते नेता येईल. जबरदस्ती मात्र मुळीच नको, असं अमात्य पुढे सांगतात.

मला हा दुसरा भाग फार मोलाचा वाटतो. त्यात झाड कधीच तोडू नये असा हट्ट नाही, आणि तोडलं की विषय संपला अशी बेफिकिरीही नाही. आधी गरज. ती कुठल्या कामाची, हे ठरलेलं. मग झाडाची पारख, मालकाची संमती, मोबदला, आणि कुऱ्हाड सगळ्यात शेवटी. आपण क्रम उलटा केला आहे. आधी करवत लावतो आणि उरलेल्या गोष्टी राहून जातात. परसातल्या झाडाचे मालक आपणच असतो, त्यामुळे राजी करायला, पैसे द्यायला समोर दुसरं कुणी नसतं. म्हणून मोबदला द्यायचाच नाही असं थोडंच आहे? तो मेहनतीच्या रूपानं द्यावा लागतो. करवतीआधी सुताराला बोलावून बुंधा दाखवणं, कुठं किती लांबीचा काप घ्यायचा तिथं खडूनं खूण करणं, ओंडके गिरणीपर्यंत नेणं, फळ्या वाळेपर्यंत जागा अडवून ठेवणं. यात पैसा जातो आणि त्याहून जास्त धीर जातो.

कायदा आपल्या परीनं झाडाची बाजू घेतो. महाराष्ट्रातल्या 1964 च्या वृक्षतोडविषयक कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, चंदन यांच्याबरोबर आंबा, फणस, जांभूळ, चिंच ही घराजवळची झाडंही आहेत. शहरांसाठी 1975 चा वेगळा कायदा आहे. त्यात 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानलं आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावण्याचं बंधन आणलं. हे चांगलंच झालं. पण वय मोजलं, रोपं मोजली की हिशेब चुकता झाला असं घरमालकाला वाटू लागतं. रोप लावणं हे येणाऱ्यांचं देणं आहे. जे झाड समोर आडवं पडलं आहे, त्याचं देणं त्यात फिटत नाही.

फणसाचंच घ्या. फणसाचा ओंडका गिरणीत चिरताना एकदा तरी पाहावा. बाहेर सालीलगत पांढुरका पट्टा असतो, आणि पहिली फळी सुटी होऊन खाली पडली की आतला गाभा हळदीसारखा पिवळा उघडा पडतो. पात्याला चीक धरतो, तो काढायला तेलाचं बोळकं शेजारी लागतंच. भुसाही पिवळा. म्यानमार, थायलंड, श्रीलंका इथल्या बौद्ध भिक्षूंची वस्त्रं रंगवायला याच गाभ्याच्या ढलप्या उकळून रंग काढत आले आहेत. हा पिवळा रंग तसाच राहत नाही. उजेड आणि हात लागून लागून तो वर्षागणिक गडद होत तपकिरी होतो. कोकणातल्या जुन्या घरांतली फणसाची दारं आणि पाट पाहिले तर ते कधी पिवळे असतील यावर विश्वास बसत नाही. गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाची तशी खात्री नाही, त्यामुळे जाणता सुतार ते तासून टाकतो. तंजावरची वीणा फणसात कोरतात, दक्षिणेतल्या मृदंगाचं खोडही फणसाचंच. एवढं ज्याच्यात आहे ते झाड चुलीत घालण्याआधी निदान एकदा सुताराला विचारावं, इतकी तरी त्याची किंमत आहे.

आंब्याची गोष्ट वेगळी. आंब्याचं लाकूड हलकं समजलं जातं आणि ओलं पडून राहिलं तर भुंगा आणि बुरशी त्याला सोडत नाहीत. पण वेळेवर चिरून, सावलीत वाळवून ठेवलं तर त्याचे पाट, खोके, फडताळाच्या फळ्या, साधी टेबलं उत्तम होतात. जांभळाचं लाकूड पाण्यात टिकतं, म्हणून विहिरीच्या कामात त्याला मान. पेरूचं लाकूड बारीक पण चिवट. त्याच्या दुबेळक्यातून बेचकी आणि सरळ फांदीतून विळा-कोयत्याची मूठ व्हायची. आणि चिकू! डहाणू-घोलवडच्या वाड्यांमुळे चिकू आपल्याला अगदी इथलाच वाटतो, पण हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. ग्वाटेमालातल्या तिकाल इथं माया लोकांनी आठव्या शतकात देवळांच्या दारांवर चिकूच्या लाकडाच्या कोरीव तुळया बसवल्या. त्या दमट जंगलात त्या हजाराहून जास्त वर्षं टिकल्या. त्यांतल्या काही आज स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या संग्रहालयात आहेत. आपल्याकडे चिकूचं झाड काढलं की त्याची फांदीन् फांदी बंबात जाते. चिकूचा बुंधा फार जाड होत नाही, करवतीला तो कठीण जातो, हे खरं. तरी त्यातून निघालेला पोळपाट किंवा खलबत्त्यातला दांडा नातवंडं वापरतील.

लाकूड कामी यायचं तर काही गोष्टी वेळेवर व्हाव्या लागतात आणि त्या कुणालाही जमण्यासारख्या आहेत. ओंडक्याची दोन्ही टोकं त्याच दिवशी मेणानं किंवा जुन्या तेलरंगानं बंद करायची, नाहीतर टोकाकडून ओल झपाट्यानं जाऊन लाकूड चिरफाळतं. साल काढायची, कारण किडा सालीखालीच राहतो. फळ्या पाडून झाल्या की जमिनीपासून वर, प्रत्येक दोन फळ्यांत बारीक पट्ट्या ठेवून रचायच्या. वारा खेळला पाहिजे, ऊन नको. वर वजन ठेवायचं म्हणजे फळी वाकत नाही. मग थांबायचं. या थांबण्याचाच आपल्याला कंटाळा असतो. तयार प्लायवूडचा तक्ता दुपारी सांगितला तर संध्याकाळी घरी येतो. परसातल्या फणसाची फळी कित्येक महिने पडवीत पडून राहते आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण ही अडगळ कशाला, असं विचारतो.

थांबण्याला आणखी एक अर्थ आहे. वाळलेल्या लाकडाचं जवळजवळ अर्धं वजन कार्बनचं असतं, झाडानं इतक्या वर्षांत हवेतून घेतलेलं. जाळलं तर ते एका हिवाळ्यात परत हवेत जातं. दारात, बाकात, पाटात राहिलं तर पुढची पिढी येईपर्यंत तिथंच राहतं.

याला एक आक्षेप आहे आणि तो मला खोडून काढायचा नाही. लाकडाचा इतका उपयोग सांगितला की तोडायला निमित्त मिळतं. फणसाच्या फळीला भाव आहे असं कळलं की अगदी धडधाकट फणसही अचानक ‘धोकादायक’ ठरू शकतो. असं होतं. म्हणून क्रम सोडायचा नाही. उभं झाड ठेवता येत असेल तर त्याच्या लाकडाचा विचार मनात आणूच नये. फांदी छाटून, टेकू देऊन, पोकळीत पाणी साचू न देता झाड आणखी वीस वर्षं काढत असेल तर काढू द्यावं. लाकडाची चौकशी जाणाऱ्या झाडासाठी असावी. राहू शकणाऱ्या झाडाजवळ ती करणंसुद्धा मला गैर वाटतं.

दुसरीकडे, जे जळतं ते वाया गेलं असंही मी म्हणणार नाही. होमात आंब्याच्या समिधा लागतात. गावाकडे चितेलाही आंब्याचं लाकूड वापरतात, आणि आपण लावलेल्या आंब्याचं लाकूड आपल्याला लागावं असं म्हणणारी म्हातारी माणसं असतात. त्या जळण्यात विचार आहे, नातं आहे. ज्या घरी अजून चूल पेटते तिथं फांद्या, ढलप्या, वाकडेतिकडे तुकडे हे वर्षभराचं जळण असतं आणि ते त्या घराला मिळणं योग्यच आहे. एखादा जाड, पोकळ ओंडका परसाच्या कोपऱ्यात कुजायला ठेवावा, हेही मी आवर्जून सांगेन. त्यात बुरशी धरते, किडे राहतात, त्यांच्या मागे पक्षी येतात, आणि शेवटी माती होते. लाकडाचे असे वाटे करताना प्रत्येक तुकड्याकडे बघावं लागतं. न बघता सगळं एका टेम्पोत भरून देणं, एवढंच टाळायचं आहे.

काही वेळा तेही माणसाच्या हाती नसतं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, आंबे-फणस मुळासकट उखडले, घरांची छपरं उडाली, वीज कित्येक दिवस नव्हती आणि पाऊस तोंडावर आलेला. तिथल्या माणसानं त्या दिवसांत फळ्या पाडायला हव्या होत्या असं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. किनाऱ्यावर वादळं येत राहणार असतील, तर पडलेल्या झाडांपर्यंत जाणारी फिरती करवत, ओंडके ठेवायला गावाची एखादी छपरी जागा, हे पंचायतीनं आधीच ठरवून ठेवण्याचं काम आहे. भरपाईच्या यादीत झाड येतं. त्याचं लाकूडही त्या घराचं उत्पन्न होऊ शकतं, याचा विचार त्याच वेळी झाला पाहिजे.

आता वाट्यांचं. कोकणात परसातलं झाड पुष्कळदा एकट्याचं नसतं. सातबाऱ्यावर चुलते, पुतणे, लग्न होऊन गेलेल्या आत्या अशी नावांची रांग असते. निम्मी नावं मुंबईत, काही पुण्यात, एखादं परदेशात. झाड उभं असताना गरे सगळ्यांना मिळतात, कारण पिकलेला फणस एकट्यानं संपतच नाही. झाड पडलं की मात्र प्रत्येकाला आपला हिस्सा आठवतो, आणि हिस्सा ठरेपर्यंत कुणी हात लावायचा नाही असं ठरतं. पाऊस येतो, भुंगा लागतो, आणि भांडणाचा निकाल लागेपर्यंत भांडण्यासारखं काही उरत नाही. माझं अशा घरांना सांगणं आहे की चिरण्यापुरती सगळ्यांनी फोनवर संमती द्यावी. ओंडका थांबत नाही, फळ्या थांबू शकतात. चिरणावळ समान वाटून घ्यावी, फळ्या मोजून, टोकांवर खडूनं तारीख घालून मांगरात रचाव्यात आणि मोजदादीचा कागद सगळ्यांना पाठवावा. आत्याच्या घरी एक पाट जावा की दोन, शेजाऱ्याला एखादी फळी द्यावी का (त्याच्या अंगणात इतकी वर्षं पाला पडला आणि त्यानं निमूट झाडला), देवळाच्या भजनी मंडळाला बाक करून द्यावं का, हे गणपतीला सगळे जमतील तेव्हा ओसरीवर बसून ठरवता येईल. त्या वर्षी नाही जमलं तर पुढच्या.