न जन्मलेल्यांचे देणे

आपल्या परंपरेने माणसाच्या माथी तीन ऋणे सांगितली आहेत: देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. तिन्हींचे धनको आपल्याआधीचे, किंवा आपल्याहून थोर. पितृऋण संतती झाल्याने फिटते असे मानले. म्हणजे पुढची पिढी जन्माला घालणे हेसुद्धा मागच्या पिढीचेच देणे ठरले. त्या पुढच्या पिढीचे आपण स्वतंत्रपणे काही लागतो काय, हा प्रश्न पूर्वी फारसा पडला नाही. माणसाने केलेली घाण दोनचार पिढ्यांत मातीला मिळत असे. अणुवीज आली आणि हा हिशेब मोडला.

अणुभट्टीतून निघणाऱ्या वापरलेल्या इंधनात प्लुटोनियम-२३९ असते. त्याचा निम्मा भाग क्षय पावायला सुमारे २४,१०० वर्षे लागतात. उरलेल्याचा निम्मा जायला पुन्हा तेवढीच. या काळाची कल्पना यावी म्हणून आपल्याजवळचेच उदाहरण घेऊ. सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली सापडला. सम्राटाने प्रजेला कळावे म्हणून दगडावर कोरवलेली ती ब्राह्मी लिपी मधल्या काळात कोणालाही वाचता येत नव्हती. १८३७ साली प्रिन्सेपने तिचा उलगडा केला तेव्हा ती पुन्हा बोलू लागली. अशोक होऊन अवघी सव्वादोन हजार वर्षे झाली आहेत. मग त्याच्या दसपट काळ ‘येथे खणू नका’ एवढे तरी आपण कोणत्या अक्षरांत लिहून ठेवणार?

तेव्हा हे कर्ज विलक्षण आहे. याचा धनको दाराशी कधीच येणार नाही. तो कोर्टात जाणार नाही, मत देणार नाही, वर्तमानपत्रात पत्र लिहिणार नाही. आणि ज्या कर्जाचा तगादा लागत नाही ते फेडण्याची घाई कोणालाच नसते.

जर्मनीतल्या आसे येथे हेच घडले. नीडरसाक्सेन प्रांतातल्या या जुन्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात किरणोत्सर्गी कचऱ्याची सुमारे १,२६,००० पिंपे उतरवली गेली. कचरा हलक्या आणि मध्यम तीव्रतेचा होता. कागदोपत्री ती संशोधनाची खाण होती, आणि तिचा कारभार खाणकामाच्या कायद्याखाली चाले. पुढे १९८८ पासून खाणीत भूजल झिरपू लागले. कित्येक वर्षे ते रोज सुमारे १२,००० लिटर येत राहिले. २००९ साली ही खाण किरणसंरक्षण पाहणाऱ्या संघराज्याच्या कार्यालयाकडे सोपवून अणुकायद्याखाली आणली गेली, आणि २०१३ साली संसदेने कायदा केला की सर्व कचरा पुन्हा वर काढावा. हे काम अनेक दशकांचे आहे, आणि त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून होणार; म्हणजे पहिले पिंप उतरले तेव्हा जे जन्मलेही नव्हते असे असंख्य लोक तो भरणार. येथे कोणी दुष्ट होते असे म्हणण्याची गरज नाही. एक सोयीचा शब्द पुरला. ‘प्रयोग’ म्हटले की जबाबदारी तात्पुरती वाटते. कचरा मात्र कायमचा असतो.

फिनलंडने वेगळी वाट धरली. १९९४ साली कायद्यात बदल करून ठरवले की देशात निर्माण झालेला कचरा देशातच पुरायचा. दुसऱ्याच्या दारात टाकायचा नाही. वीज करणाऱ्या कंपन्यांनी विल्हेवाटीचा पैसा आधीच सरकारी निधीत भरायचा. गावाला नकाराचा अधिकार दिला. एउराजोकीच्या नगरपरिषदेने २००० साली २० विरुद्ध ७ मतांनी होकार दिला. खडकात चारशे मीटरांहून खोल तांब्याच्या डब्यांत, भोवती चिकणमाती घालून इंधन ठेवण्याची ती योजना आहे. तिच्या सुरक्षेची तपासणी किरणसुरक्षेच्या स्वतंत्र खात्याने केल्यावर २०१५ साली बांधकामाचा परवाना मिळाला. पुढची कित्येक हजार वर्षे कोणालाही वर्षाकाठी ०.१ मिलिसिव्हर्टहून अधिक किरणमात्रा मिळता कामा नये, हा तिथला दंडक. निसर्गाकडून माणसाला सरासरी मिळते तिच्या चोविसाव्या भागाइतकी ही मात्रा.

कोणी म्हणेल, पुढचे लोक आपल्याहून शहाणे असतील, त्यांच्याजवळ अधिक साधने असतील. आपण एवढी चिंता का वाहावी? हा युक्तिवाद ऐकायला नम्र वाटतो. परंतु नातू कर्तबगार निघेल या भरवशावर आजोबाने कर्ज काढावे, तसाच तो आहे. नातू कर्तबगार निघाला तरी आजोबाचा बेजबाबदारपणा त्यामुळे धुऊन निघत नाही.

मात्र एक अडचण खरी आहे. एउराजोकीत ज्यांनी मते दिली ते सत्तावीसही जिवंत माणसेच होती. न जन्मलेल्यांची संमती कोणत्याही लोकशाहीत मिळवता येत नाही. म्हणून त्यांच्या जागी बसणारा कोणी तरी आजच नेमावा लागतो. नियामक संस्था म्हणजे माझ्या मते हीच: गैरहजर धनकोचा मुखत्यार. तिची खरी कसोटी नियमांच्या पुस्तकाच्या जाडीत नाही. विजेची निकड असताना, सरकारची इच्छा असताना, ती ‘नाही’ म्हणू शकते काय, यात आहे.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. तारापूरची वीज १९६९ पासून आपण वापरत आलो. तिथेच तीव्र किरणोत्सर्गी कचरा काचेत गोठवण्याचे कामही झाले आहे. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले, कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम १९८७ साली आले. तरीही हे मंडळ केंद्र सरकारच्या अधीनच राहिले आहे, असे महालेखापरीक्षकांना २०१२ साली लिहावे लागले. ऋणको आणि मुखत्यार एकाच घरातले असले, तर माणसे कितीही सचोटीची असोत, धनकोची बाजू लंगडीच पडते.

कायदे बदलतात, पुढेही बदलतील. प्रत्येक बदलाला विचारावा असा प्रश्न एकच आहे: जो या खोलीत नाही त्याच्या वतीने बोलणाऱ्याला तुम्ही खुर्ची दिलीत, की नुसते स्टूल?