‘पर्यंत’

निवडणुकीचे दिवस आले की वाशिमच्या पाटणी चौकात एक वाक्य हमखास ऐकू येतं : विधिमंडळ सार्वभौम आहे, आमच्या सभागृहानं दिलेलं ओबीसी आरक्षण कोर्टानं काढून घेतलं. पक्ष कोणताही असो, टाळ्या मिळतात. मला ते ऐकवत नाही. ओबीसींचं आरक्षण मला हवं आहे, आणि ज्यांच्यामुळे ते अडचणीत आलं ते या वाक्याआड सहीसलामत सुटतात.

सार्वभौम संसद ही कल्पना इंग्लंडची, घटनातज्ज्ञ डायसीनं मांडलेली. लिखित संविधान नसलेल्या देशात ती शोभते. आपल्याकडे आमदार संविधानाची शपथ घेऊनच आत बसतो. उत्तर प्रदेश विधानसभा आणि अलाहाबाद हायकोर्ट यांच्यात जुंपली तेव्हा, १९६४ मध्ये, सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी हे स्वच्छ सांगितलं : इथली विधिमंडळं संविधानानं आखलेल्या चौकटीत चालतात. पुढचं गोलकनाथ, केशवानंद भारती, मिनर्व्हा मिल्स सगळ्यांना पाठ आहे. पण तो वाद संविधानच बदलण्याच्या अधिकाराचा होता. साधा कायदा संविधानाच्या कसोटीला उतरला पाहिजे, याबद्दल तिथे कुणाचं दुमत नव्हतं. वाशिमच्या प्रश्नात केशवानंद ओढून आणला की मूळचा साधा प्रश्न दिसेनासा होतो : ओबीसी किती आहेत, हे सरकारनं मोजलं होतं का?

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली. मागासवर्गासाठी पंचायतीत आरक्षणाची कोणतीही तरतूद करायला राज्याला तिनं मोकळीक दिली. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये जिल्हा परिषद कायद्यात २७ टक्के लिहून टाकले. हा आकडा आला मंडल आयोगाकडून. आयोगानं ओबीसी ५२ टक्के धरले होते. पण एकूण आरक्षणाला पन्नास टक्क्यांची मर्यादा आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींचे साडेबावीस टक्के, म्हणून शिफारस २७ वर थांबली. म्हणजे २७ ही दिल्लीत केलेल्या वजाबाकीची बाकी, तीही नोकऱ्यांसाठी. जिल्हा परिषदेत मात्र अनुसूचित जाती-जमातींच्या जागा त्या-त्या जिल्ह्याच्या लोकसंख्येनुसार ठरतात. नंदुरबारमध्ये आदिवासीच निम्म्याहून जास्त. मग तीच बाकी सगळ्या जिल्ह्यांत कशी उरेल?

सुप्रीम कोर्टानं हे २०१० मध्येच, कृष्णमूर्ती खटल्यात, बजावलं होतं. आरक्षणाची तरतूद वैध ठरवली, पण सोबत तीन अटी घातल्या : आयोग नेमा, स्थानिक पातळीवर मागासलेपण तपासून प्रमाण ठरवा, एकूण आरक्षण पन्नासच्या आत ठेवा. नोकरी-शिक्षणातलं मागासलेपण आणि राजकारणातलं मागासलेपण एकच नव्हे, हेही सांगितलं. त्यानंतर अकरा वर्षं गेली. मुंबईत सरकारं बदलली, मोजणी कुणी केली नाही.

४ मार्च २०२१ ला विकास किशनराव गवळी खटल्याचा निकाल आला. वाशिमसह विदर्भातल्या जिल्हा परिषदांचा हा खटला. ‘आरक्षण रद्द’ अशीच त्याची ओळख झाली. मी तो वेगळा वाचतो. कोर्टानं जिल्हा परिषद कायद्यातलं २७ टक्क्यांचं कलम १२(२)(क) खोडलं नाही. २७ टक्के असतील, याऐवजी २७ टक्क्यांपर्यंत असू शकतील असा त्याचा अर्थ लावला, तोही त्या तीन अटींच्या अधीन. फरक पडला तो ‘पर्यंत’ या एका शब्दाचा. सभागृहाचा अधिकार त्यात शाबूत आहे. ज्यांच्यासाठी कायदा करायचा ते किती आणि कुठे आहेत हे आधी पाहा, एवढंच बंधन आलं. प्रतिनिधींच्या सभागृहाला हे बंधन परकं का वाटावं?

किंमत मोजली ती गावांनी. वाशिम जिल्हा परिषदेच्या ५२ पैकी १४ सर्कल रिकामी झाली, पंचायत समित्यांचे २७ गणही. जानेवारी २०२० मध्ये रीतसर निवडून आलेल्या सदस्यांची पदं चौदा महिन्यांत गेली. त्यांची काहीही चूक नव्हती. त्या जागा सर्वसाधारण झाल्या आणि ५ ऑक्टोबरला पोटनिवडणूक झाली.

त्याच्या आदल्याच महिन्यात सरकारनं वटहुकूम काढला. त्यात ‘पर्यंत’ आला, पन्नासची मर्यादा आली, फक्त मोजणी नव्हती. ६ डिसेंबरला कोर्टानं त्या आरक्षणाला स्थगिती दिली. शब्द उतरवून घेतला, काम केलं नाही, याचा मला आजही राग येतो.

मग मोजणीसाठी बांठिया आयोग आला. जुलै २०२२ मध्ये त्याचा अहवाल कोर्टात गेला. आयोगानं मतदारयाद्यांतल्या आडनावांचा आधार घेतला होता. वाशिम जिल्ह्यात, पोहरादेवीच्या परिसरात, पवार, चव्हाण, जाधव ही आडनावं बंजारा तांड्यावरही आहेत आणि शेजारच्या गावातल्या मराठ्यांच्या घरांवरही. यादीत ती एकाखाली एक, सारखीच छापलेली असतात. कोण कुणाचं, हे दारात जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही.